गळ, जाळे आणि एक नियमपत्रक

येत्या हिवाळ्यात आम्ही गळाने मासे धरण्याच्या एका स्पर्धेत पहिल्यांदाच उतरणार आहोत. आम्ही म्हणजे नागपुरातले तिघे. तिघेही मराठीचे अध्यापक, त्यांपैकी एक निवृत्त. ही वार्ता स्नेह्यांमध्ये पसरल्यापासून आम्हांस दोन प्रकारचे आक्षेप ऐकावे लागत आहेत. एक भूतदयेचा, तो रास्त आहे आणि त्याकडे आम्ही पुढे येऊच. दुसरा असा की, साहित्याच्या माणसाने हे काय आरंभले आहे? तलावाकाठी बसायचेच तर पुस्तक घेऊन बसावे. हातात काठी आणि डब्यात गांडुळे हे काही वाङ्मयीन अभिरुचीचे लक्षण नाही, असे एका ज्येष्ठ मित्राने आम्हांला गंभीरपणे बजावले.

या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आमच्याच अभ्यासक्रमात पडलेले आहे. मराठी भाषेच्या इतिहासाचे आरंभीचे तास घेताना आपण सारेच 'मानसोल्लास' या ग्रंथाचे नाव घेतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा हा ११३० च्या आसपासचा संस्कृत ग्रंथ. त्यातील गीतविषयक भागात जुन्या मराठीतले पद आढळते, म्हणून विद्यार्थी त्याचे नाव पाठ करतात. विष्णूच्या अवतारांची स्तुती करणाऱ्या त्या पदात मत्स्यावतार आहे, म्हणजे आपल्या अगदी जुन्या मराठी ओळींत मासा आहे. हे कोणीतरी कधीतरी वर्गात सांगतेही. परंतु त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, हे मात्र वर्गात सांगितले जात नाही. माशांचे प्रकार, कोणाला कोणते खाद्य रुचते, काठी कशी असावी, दोर कसा असावा, गळ कसा लावावा, असा सगळा तपशील राजाने त्यात दिला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. पण होरा मत्स्यशास्त्राचे आणि आपण भाषेचे! आपण पद उचलले आणि मासे पाण्यात सोडून दिले.

असो. मुद्दा असा की गळाने मासे धरण्याचा छंद हा साहेबाने आणलेला आहे, ही समजूत खरी नाही. तो आपल्याकडे होता. फक्त तो राजाचा होता. 'विनोद' हा शब्दच सांगतो की ज्याला मासा मिळाला नाही तरी रात्री जेवायला मिळणार आहे, त्याचा हा खेळ. ज्याला मासा मिळालाच पाहिजे त्याच्याविषयी सोमेश्वराला लिहिण्याचे कारण नव्हते. पुढे राजा गेला, खेळ गेला, आणि मराठीत उरला तो दुसरा माणूस: कोळी, भोई, आणि आमच्या पूर्व विदर्भात ढिवर.

भाषेने याची नोंद नेमकी ठेवली आहे. मराठीत गळ हा शब्द आज राहतो कुठे, तर वर्तमानपत्रात. लाच घेणारा कारकून गळाला लागतो, विरोधी पक्षातला आमदार गळाला लागतो. आमिष दाखवले जाते, जाळ्यात ओढले जाते. एवढे मोठे शब्दभांडार, आणि सारे फसवणुकीच्या बातम्यांना दिलेले! तासन्‌तास पाण्याकडे पाहत थांबणे, न मिळणे, हाताशी आलेले निसटणे, या अनुभवासाठी आपल्याकडे वाक्प्रचार जवळजवळ नाहीत. इंग्रजांकडे आयझॅक वॉल्टनचे 'द कंप्लीट अँग्लर' १६५३ पासून सतत छापले जात आहे, आणि ते माशांच्या पुस्तकाइतकेच गद्याचे पुस्तक म्हणून वाचले जाते. आपल्याकडे त्या जागी काय आहे?

आहे ते भाषांतर, आणि तेही किती अर्थपूर्ण. हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' या कादंबरीचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले भाषांतर 'एका कोळियाने' या नावाने १९६५ साली आले. मूळ नावात म्हातारा आहे आणि समुद्र आहे. मराठीत त्या म्हाताऱ्याला आल्याआल्या जात मिळाली. आम्ही हे दोष म्हणून सांगत नाही. पुलंनी हेरलेला श्लेष सुंदरच आहे: कोळी म्हणजे मासे धरणारा आणि जाळे विणणारा तो आठ पायांचा जीवही, आणि चिकाटी ही दोघांची ठेव. पण गंमत पाहा. सांतियागो जाळे टाकत नाही. तो दोर आणि गळ घेऊन एकटा बसतो. मराठी शीर्षकाने त्याच्याभोवती न दिसणारे जाळे विणले, कारण मासे धरणारा माणूस म्हटला की मराठी मनाला कोळी आणि जाळे यांखेरीज दुसरे चित्र सुचतच नाही. सांतियागो पोटासाठी मासे धरतो, हे पुलंना कळले होते. त्याला छंदिष्ट करण्याची चूक त्यांनी केली नाही.

ही सारी प्रस्तावना करण्याचे कारण म्हणजे एक कागद. स्पर्धेच्या आयोजकांनी इंग्रजी नियमपत्रक पाठवले आणि सोबत त्याचा कुणीतरी केलेला कच्चा मराठी तर्जुमाही. आम्ही मराठीचे अध्यापक, तेव्हा तो तपासून देण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले. काठी, रीळ आणि तंगूस यांची खरेदी एका दुपारी उरकली. फेकीचा सराव दोराला वजन बांधून मोकळ्या मैदानावर होतो. गाठी दोन-तीनच शिकायच्या असतात. नियमपत्रकाची चार पाने मात्र आम्ही दोन महिने घेऊन बसलो आहोत. पहिल्या स्पर्धेची तयारी म्हणजे प्रामुख्याने हेच, असे आमचे आता मत झाले आहे.

मूळ पत्रक अमेरिकेतल्या एखाद्या स्पर्धेवरून बेतलेले असावे, कारण त्यात तीन ठिकाणी 'बास' हा मासा तसाच राहून गेला होता. हा मासा आमच्याकडच्या तलावांचा रहिवासी नाही. पण आज जगभर गळाच्या स्पर्धांना जो घाट आहे, तो त्याच माशाभोवती घडला. रे स्कॉट नावाच्या अलाबामातील विमा विक्रेत्याने १९६७ मध्ये आर्कान्सामधील बीव्हर लेकवर १०६ स्पर्धक गोळा करून मोठी स्पर्धा भरवली, आणि त्यातून संघटना, मासिक, बक्षिसे, वेगवान बोटी असा एक उद्योगच उभा राहिला. ठरावीक वेळ, ठरावीक संख्येचे मासे, त्यांचे एकत्र वजन, ज्याचे जास्त तो जिंकला. १९७२ पासून स्कॉटने एक भर घातली: पकडलेला मासा जिवंत ठेवा आणि परत पाण्यात सोडा. गळाच्या आधुनिक खेळाची नैतिक बाजू मुख्यतः या एका नियमावर उभी आहे.

आता हा कागद विदर्भातल्या तलावावर आणून ठेवा. आमच्या स्पर्धेचा तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेच्या ठेक्यातला आहे. शासनाचा विभाग तलाव ठरावीक वर्षांच्या ठेक्याने देतो; संस्था बीज विकत आणून सोडते, राखण करते आणि मासे काढून विकते. संस्थेची परवानगी घ्यायला गेलो तेव्हा आयोजकांनी तो कच्चा तर्जुमा सभासदांना वाचून दाखवला. त्यात स्पर्धकांना सर्वत्र 'मच्छीमार' म्हटले होते. एका वृद्ध सभासदांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमी मच्छीमार, त मंग आमी कोन जी, सर?"

या प्रश्नात कुठलाही राग नव्हता. परंतु भाषांतरावर इतका नेमका अभिप्राय आम्ही एकाही चर्चासत्रात ऐकलेला नाही. 'मच्छीमार' हा शब्द त्यांच्या संस्थेच्या नावात आहे, शिक्क्यावर आहे, पासबुकावर आहे. तो त्यांचा हक्काचा शब्द आहे. एका रविवारपुरता तो उसना घेऊन संध्याकाळी परत करता येत नाही. 'मत्स्यविनोदी' म्हटले तर स्पर्धेआधीच हशा पिकेल. 'गळकरी' चांगला वाटतो, पण तो आम्ही घडवलेला, कुणाच्या तोंडी नसलेला. शेवटी आम्ही 'गळ टाकणारे' असे साधे क्रियेवरून आलेले पद ठेवले. त्यात कुणाची ओळख घेतली जात नाही. दिवसभर जे करायचे तेवढेच सांगितले जाते.

दुसरा शब्द याहून अवघड निघाला. इंग्रजी पत्रकात ज्यांना गुण आहेत असे मासे एका बाजूला आणि बाकीचे सारे 'टाकाऊ' या अर्थाच्या एका शब्दाखाली दुसऱ्या बाजूला होते. तर्जुम्यातही तेच. आता मोठा कटला किंवा रोहू बाजारात जातो हे खरे. पण ढिवराच्या घरात जे शिजते ते बहुधा हे 'टाकाऊ'च: बारीक मासे, झिंगे, कधी शिंगी. स्पर्धेत ज्याला गुण नाहीत त्याला ताटात मान आहे. आम्ही तो सबंध परिच्छेदच काढून टाकला आणि 'वजनात धरले जाणारे मासे' असे लिहिले. आणि 'रिलीज' साठी तर्जुमाकाराने 'मुक्त करणे' असा भारदस्त शब्द योजला होता. ज्याच्या ओठात आपणच लोखंड अडकवले त्याला मुक्त करण्याचे श्रेय घेणे जरा जास्तच झाले. 'परत सोडणे' पुरेसे आहे.

माशांच्या नावांपाशी आल्यावर मात्र आम्हांला सखेद आश्चर्य वाटले. मराठी मुलखातल्या माशांची मराठी नावे जगभर रोज उच्चारली जातात, पण लॅटिनच्या वेषात. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील कर्नल साइक्स याने दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि शास्त्रीय नावे देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन साच्यात बसवली. खुद्री, मुसल्ला, कोलस, मुल्या, फुलुंगी, नुक्ता: ही आज शास्त्रात मान्य असलेली नावे भीमा-मुळा-मुठेच्या काठी ऐकलेली आहेत. एखादा जपानी संशोधक 'गारा मुल्या' लिहितो तेव्हा तो नकळत एक मराठी शब्द लिहीत असतो. आमच्या पदव्युत्तर वर्गात ही नावे विचारली तर एखादाच हात वर येईल.

विदर्भातल्या पाण्याला साइक्स लाभला नाही. लाभले ते मारुती चितमपल्ली. वनखात्यातल्या नोकरीत त्यांनी नवेगावबांधला जी वर्षे काढली, त्यांत तिथल्या ढिवरांकडून, गोंडांकडून आणि माधवराव पाटील डोंगरवारांकडून ते शब्द वेचत राहिले. पक्षिकोशासोबत मत्स्यकोशाचेही काम त्यांनी हाती घेतले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि जून २०२५ मध्ये सोलापुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर श्रद्धांजलीचे लेख पुष्कळ आले. बहुतेकांत पक्षी होते, मासे क्वचित. 'अरण्यऋषी' हे विशेषण एकदा चिकटवले की पाण्याखालचे दिसेनासे होते. (तसाही विदर्भातल्या माशांच्या वाट्याला सन्मान कमीच. २०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्यमासा ठरवला, तो पापलेट. समुद्रापासून इतक्या दूर बसून आम्ही त्याचा अभिमान बाळगतो आहोत.)

आमच्या स्पर्धेचा खरा नायक मरळ आहे. बासशी त्याचे नाते नाही, पण स्वभाव मिळताजुळता: शेवाळात, पाणवनस्पतींत दबा धरतो, वरून बेडूक जाताना दिसला की झडप घालतो. म्हणून बाससाठी केलेला रबरी बेडूक मरळालाही चालतो. मरळ हवेतला प्राणवायू घेतो, त्यासाठी पाण्यावर येतो, आणि त्या क्षणी जी गोल लाट उठते ती ओळखता येणे हीच गळ टाकणाऱ्याची निम्मी विद्या. पावसाळ्यात त्याची वीण होते. नर-मादी पिलांच्या घोळक्यावर पहारा ठेवतात आणि जवळ येईल त्यावर चाल करतात. त्या दिवसांत त्यांना धरणे अत्यंत सोपे असते, आणि म्हणूनच ते करू नये. पालक गेला की पिले उघडी पडतात. हे आम्ही पुस्तकात वाचले होते, पण नियमपत्रकात ते आले संस्थेच्या सभासदांच्या आग्रहामुळे. इंग्रजी मूळात विणीच्या काळाबद्दल एक अक्षर नव्हते.

एका उत्साही स्पर्धकाने सुचवले की पुढेमागे या तलावात 'खेळाचा' एखादा परदेशी मासा सोडावा, म्हणजे स्पर्धेला रंग चढेल. याला आमचा सक्त विरोध आहे. जपानमधल्या बिवा सरोवरात २००९ मध्ये मानाबू कुरिता याने १९३२ च्या अमेरिकन विक्रमाची बरोबरी करणारा बास पकडला. त्याच सरोवरात स्थानिक माशांच्या जिवावर उठलेला हा परका मासा पकडल्यावर परत सोडण्यास २००३ पासून बंदी आहे. म्हणजे स्कॉटचा सर्वांत पुण्यशील नियम तिथे अपराध ठरतो! आणि इतके दूर तरी कशाला जा? लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात महासीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले, ही खरोखर अभिमानाची गोष्ट. तिथली पिल्ले देशात ठिकठिकाणी गेली. त्यांतली कावेरीत गेलेली खुद्री तिथे फोफावली आणि कावेरीचा मूळचा पाठीवर उंचवटा असलेला महासीर अस्तंगत होत चालला. त्या मूळ माशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली, तोवर तो नाहीसा होण्याच्या काठावर आला होता. आपलाच मासा, सद्हेतूने, दुसऱ्या नदीत सोडला तरी हे घडते.

आणि पाणी कोणाचे, हा प्रश्न तर आमच्या भागात जुनाच आहे. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरचे मालगुजारी तलाव कोहळ्यांनी बांधले, नवेगावबांधचा कोलू पाटलांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असे मानतात. मासे ढिवरांनी धरले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा वहिवाटीचा व्यवहार ठेक्याचा झाला. ज्या पेंचच्या पाण्यावर नागपूर शहर जगते, त्या नदीवरच्या तोतलाडोह जलाशयात मासे धरण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात पूर्वी राहणाऱ्या ३०५ आदिवासी कुटुंबांना मध्य प्रदेश सरकारने दिलेले परवाने १९९७ च्या निकालाने रद्द झाले नाहीत, पण छायाचित्राचे ओळखपत्र, रोजच्या मासळीची नोंद, आग पेटवू नये, अशा अटी त्यांवर आल्या. ज्यांच्या जगण्याला इतक्या अटी, त्यांच्या शेजारी आमचा छंद विनाअट कसा असेल?

आता भूतदयेचा आक्षेप. मासा परत सोडल्याने त्याला यातना झाल्याच नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. मात्र सोडलेला मासा जगेल की मरेल हे बरेचसे आपल्या हातात असते. काटा नसलेला गळ, ओले हात, गाठी नसलेली जाळी, हवेत अगदी थोडा वेळ. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ऋतू. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. झुंजून थकलेला मासा अशा पाण्यात सोडला तर तो पोहत जातो आणि दृष्टीआड मरतो. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात अशी स्पर्धा भरवणे म्हणजे सोडण्याचे नाटक करणे होय. आमची स्पर्धा आधी सुट्टीच्या सोयीने उन्हाळ्यात ठरली होती; ती हिवाळ्यात ढकलावी यासाठी आम्ही आयोजकांच्या मागे लागलो, आणि त्यांनी ते मान्य केले. जो मासा जगणार नाही असे दिसेल तो पाण्यात न टाकता संस्थेकडे द्यावा, हेही आता लिहिले गेले आहे. पोटासाठी धरलेल्या माशाचा निदान उपयोग होतो; खेळात मेलेला मासा तळाशी जाणे हे आम्हांस अधिक निर्दय वाटते.

नियमपत्रकाची मराठी प्रत आता संस्थेच्या कार्यालयात आहे. वजन संस्थेच्या काट्यावर आणि संस्थेच्या दोन सभासदांसमोर होईल, प्रवेशशुल्काचा ठरलेला भाग बीजाच्या खर्चात जाईल, बाहेरचा कोणताही मासा तलावात सोडला जाणार नाही, आणि विणीच्या महिन्यांत स्पर्धा होणार नाही. या चारांपैकी शेवटच्या दोन कलमांवर आयोजकांची सही झाली आहे. पहिल्या दोहोंवर त्यांना 'विचार करायचा' आहे. आमचे तिघांचे प्रवेश-अर्ज भरून तयार आहेत. सह्या चारही कलमांवर झाल्याशिवाय ते आम्ही देणार नाही, असे त्यांना कळवले आहे. तोवर संध्याकाळी मैदानावर फेकीचा सराव चालू आहे. निवृत्त मित्राची फेक आमच्या दोघांपेक्षा बरीच लांब जाते.